शटरवरची लक्ष्मी, पेवातला हमाल : एका बंद गाळ्याच्या कामाच्या नोंदी

20 नोव्हेंबर

सांगलीच्या गणपती पेठेला लागून असलेल्या गल्लीत माझ्या थोरल्या मामांचा हळदीचा गाळा आहे. मामा वारल्यापासून त्याचे शटर क्वचितच उघडले गेले. मामेभावाने तो गाळा उन्हाळ्यापर्यंत मला वापरायला दिला असून, शटरवर एक आणि शटरच्या मागे एक असे दुहेरी चित्र करण्याचे काम मी आजपासून हाती घेतले आहे. शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात हे करायचे असल्याने संध्याकाळचे तीन तास आणि रविवार एवढाच वेळ हाताशी आहे. असे काम आणखी कोणाला करावेसे वाटले, तर माझ्या चुका त्यांच्या कामी याव्यात म्हणून या नोंदी ठेवत आहे.

मूळ कल्पना माझी नाही, हे आधीच लिहून ठेवतो. चित्रकार अतुल दोडिया यांनी दुकानांची लोखंडी शटरे चित्रासाठी वापरली आणि 2001 साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातल्या प्रदर्शनात ती मांडली गेली. त्यांच्या ‘महालक्ष्मी’ या कामात बाहेर शटरवर कॅलेंडरातली लक्ष्मी आहे, आणि शटर वर गेले की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. घाटकोपरमध्ये वाढलेल्या, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आणि पुढे पॅरिसला शिकलेल्या या चित्रकाराने बाजारातले चित्र आणि दालनातले चित्र एकाच चौकटीत असे बसवले, की पहिले हलवल्याशिवाय दुसरे दिसतच नाही. ही रचना मी त्यांच्याकडून घेतली आहे. चित्रांचा विषय मात्र सांगलीचा आहे : बाहेर हळदीच्या पुडीवर शोभेल अशी लक्ष्मी, आणि आत सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात उतरलेला हमाल. वर अरुंद तोंड आणि खाली मोठे पोट असे हे पेव जमिनीत खोल खणलेले असते आणि त्यात हळद साठवतात. पुरांनी हरिपूरची बरीच पेवे निकामी केली, पण मामांच्या तोंडून ऐकलेली पेवे माझ्या डोक्यात लहानपणापासून आहेत.

शटरचे माप 8 फूट रुंद आणि 7 फूट उंच असे भरले. तीन-तीन इंचांच्या 28 पट्ट्या आहेत आणि दोन्ही बाजूंचा दीड-दीड इंच भाग खाचेत जातो, म्हणजे चित्रासाठी रुंदी पावणेआठ फूटच मिळते.

23 नोव्हेंबर

शटर मिस्त्रीकडून स्प्रिंग बदलून घेतली आणि ग्रीस भरून घेतले. 1,800 रुपये झाले. मिस्त्रीने जाताना सांगितले की रंग देण्याआधी खाचांच्या कडेचे ग्रीस पुसून काढा, नाहीतर ते पट्ट्यांवर सरकत येईल. ही सूचना मोलाची ठरली.

शटरवर 2019 च्या महापुराची रेघ अजून स्पष्ट आहे. जमिनीपासून साधारण चार फुटांवर, म्हणजे खालच्या 16 पट्ट्यांपर्यंत, पत्रा गंजलेला आणि खरखरीत झालेला आहे. वरच्या 12 पट्ट्यांना छज्जामुळे ऊन-पाऊस फारसा लागला नाही, त्यामुळे तिथला पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा अजून चकचकीत आहे. आज तारेच्या ब्रशने आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खालचा गंज काढला. सांध्यांमधून अजूनही पुराचा वाळलेला गाळ भुकटी होऊन पडत होता. वरचा भाग स्वच्छ दिसत असल्यामुळे तो फक्त साबणाच्या पाण्याने पुसला. ही या कामातली पहिली मोठी चूक होती, पण ती कळायला आठवडा लागला.

26 नोव्हेंबर

संपूर्ण शटरला रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात दिला आणि दुपारनंतर त्यावर पांढऱ्या इनॅमलचा एक हात दिला. दिसायला काम उत्तम झाले.

1 डिसेंबर

खाका उतरवण्याआधी रंग पक्का बसला आहे का, हे पाहण्यासाठी ब्लेडने बारीक चौकडी मारली, त्यावर चिकटपट्टी दाबून लावली आणि झटक्यात ओढली. खालच्या गंजलेल्या भागात एकही चौकोन सुटला नाही. वरच्या भागात मात्र प्रायमरसकट सगळा रंग पट्टीला चिकटून आला, आणि खाली जस्त पूर्वीसारखेच चकाकत होते. नख लावले तर रंग केळ्याच्या सालीसारखा निघू लागला.

कारण रंगाच्या दुकानातल्या माणसाने सांगितले आणि नंतर वाचून ते पटले. तेलावर आधारलेल्या प्रायमरची आणि इनॅमलची जस्ताशी हळूहळू प्रक्रिया होते आणि दोहोंच्या मध्ये साबणासारखा थर तयार होतो. त्यावर रंग धरत नाही. पुराने जिथे जस्त खाल्ले होते, तिथे उघड्या लोखंडावर रेड ऑक्साइड छान बसला. जिथे पत्रा सुस्थितीत होता, तिथेच तो फसला. जो भाग मला खराब वाटला होता तोच पक्का निघाला. ज्यांना नवे शटर घ्यायचे आहे, त्यांनी हे नीट लक्षात ठेवावे, कारण नव्या शटरवर बहुतेकदा सगळीकडे जस्तच असते.

5 डिसेंबर

वरच्या 12 पट्ट्या खरवडून आणि उरलेल्या जागी रिमूव्हर लावून मोकळ्या केल्या, 220 नंबरच्या पेपरने जस्ताची चकाकी घालवली आणि थिनरने पुसून दोन डब्यांचे मिश्रण करून लावायचा वॉश प्रायमर दिला. हा प्रायमर अगदी पातळ लावायचा असतो. पिवळसर झाक आली की पुरे. मिसळलेला माल काही तासांतच वापरावा लागतो, म्हणून थोडा थोडाच कालवला. त्यावर पुन्हा पांढरा हात दिला. चिकटपट्टीची चाचणी यशस्वी झाली. यात नऊ दिवस गेले.

9 डिसेंबर

खाका उतरवला. ब्राउन पेपरवर पूर्ण मापाचे रेखाचित्र काढून, रेघांवर टाचणीने भोके पाडून, गेरूची पुरचुंडी आपटत नेली. लक्ष्मी चार हातांची, कमळावर उभी आहे, पण तिच्या उजव्या हातातून नाण्यांऐवजी हळकुंडे पडत आहेत.

खाका उतरल्यावर रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिले, तर देवी झोपेतून उठल्यासारखी दिसत होती. जवळ येऊन पाहिले तेव्हा कारण कळले : दोन्ही डोळे नेमके वरून सहाव्या आणि सातव्या पट्टीच्या सांध्यावर आले होते. पट्टी मधोमध फुगीर असते आणि सांध्यापाशी आत वळते, त्यामुळे बुबुळाचा मधला भाग खोबणीत जाऊन वरची आणि खालची पापणी तेवढी उजेडात राहिली होती. सगळा खाका दीड इंच, म्हणजे बरोबर अर्धी पट्टी, वर सरकवला. आता डोळे सहाव्या पट्टीच्या फुगवट्यावर बसले आहेत आणि ओठ आठव्या पट्टीवर आले आहेत. हनुवटी सांध्यावर गेली तरी चालते. तिथे तशीही सावली हवीच असते. शटरवर चेहरा काढायचा असेल तर आधी पट्ट्यांची आखणी करून डोळ्यांची पट्टी ठरवावी आणि मग उरलेले शरीर त्याप्रमाणे लावावे.

15 डिसेंबर

11 तारखेपासून आजपर्यंत पाच संध्याकाळी घालवून रंगवलेली लक्ष्मी आज मी स्वतःच्या हाताने पुसून टाकली. याची नोंद सविस्तर करतो, कारण या कामातली सर्वांत गंभीर चूक रंगाची नव्हती, दृष्टीची होती.

बाजारू चित्र ‘बाजारू’ दिसावे म्हणून मी डोळे प्रमाणाबाहेर मोठे केले होते, गालांवर गुलाबी रंगाचे ठोकळे ठेवले होते, बाह्यरेषा मुद्दाम जाड आणि थोड्या थरथरत्या ठेवल्या होत्या. मला ते धाडसी वाटत होते. आमच्या भागात तीस-पस्तीस वर्षे दुकानांचे बोर्ड रंगवलेले एक पेंटरकाका संध्याकाळी चहाला त्या गल्लीत येतात. डिजिटल फलक आल्यापासून त्यांचे काम फार कमी झाले आहे. ते बराच वेळ शटरसमोर उभे राहिले आणि मग म्हणाले, “सर, रागावू नका, पण एक विचारतो. हे तुम्ही मुद्दाम वाकडं काढलंय का?”

मी म्हणालो, “काका, बोर्डावर असते तशी काढायची होती.”

“बोर्डावर आम्ही अशी काढत नाही. आम्हाला जमेल तितकी सुंदर काढतो. कधी हात चुकतो, ते वेगळं. पण चुकायचं म्हणून कुणी ब्रश उचलत नाही.”

मी घरी येऊन दोडियांच्या शटरांची छायाचित्रे पुन्हा पाहिली. त्यांच्या लक्ष्मीत कुठेही वेडावणे नाही. ती कॅलेंडरातल्या लक्ष्मीइतक्याच मनापासून, तिच्याच पद्धतीने रंगवली आहे, आणि म्हणूनच शटर वर जाते तेव्हा आतल्या चित्राचा घाव बसतो. भूपेन खख्खर यांच्या 1972 च्या ‘जनता वॉच रिपेअरिंग’ या चित्रातही तेच आहे. बडोद्याला हिशेबनिसाची नोकरी सांभाळून चित्रे काढणाऱ्या या माणसाने घड्याळाच्या दुकानाकडे वरून पाहिलेले नाही. माझी लक्ष्मी मात्र शिकलेल्या माणसाने अडाण्याची केलेली नक्कल होती. ती तशीच ठेवली असती, तर आतला हमालसुद्धा खोटा ठरला असता.

वरचा थर ओला होता, तो टर्पेंटाइनच्या बोळ्याने निघाला; वाळलेला भाग पेपरने घासला. पेंटरकाकांना विचारले की तुम्ही माझ्याबरोबर काम कराल का. रोजाचे 900 रुपये ठरले आणि सहा दिवसांचा अंदाज निघाला. ते माझे शिक्षक म्हणून येत आहेत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

17 डिसेंबर

रविवार असल्याने विट्यावरून एसटी बदलत औंधला जाऊन आलो. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगरावर 1938 साली उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत, आणि त्याच संग्रहात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचे आई आणि मुलाचे शिल्पही आहे. एका लहानशा संस्थानच्या राजाने, जो स्वतः चित्रे काढत असे, हे दोन्ही एका छपराखाली आणले, याचे मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटते.

या वेळी मात्र मी सावली आणि कडा या दोनच गोष्टी पाहायला गेलो होतो. रविवर्म्याने 1894 साली घाटकोपरला छापखाना काढला आणि त्याची लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेली. आमच्या आजोळच्या देवघरातही तसाच एक जुना छाप होता. छापात गालाची सावली बारीक ठिपक्यांनी बनते आणि कडा धारदार राहतात. मूळ तैलचित्रात सावली तपकिरी, पातळ आणि आरपार असते, आणि उजेडाचा रंग तेवढा जाड असतो. पापणीची कड कुठे संपते हे जवळून पाहिले तरी बोट ठेवून दाखवता येत नाही. बाहेरच्या चित्रात कडा धारदार ठेवायच्या आणि आतल्या चित्रात विरघळवायच्या, एवढा निर्णय घेऊन परतलो.

24 डिसेंबर

18 ते 23 अशा सहा संध्याकाळी पेंटरकाकांबरोबर काम झाले. त्यांच्याकडून शिकलेल्या गोष्टी इथे लिहितो, कारण त्या मला कोणत्याही वर्गात मिळाल्या नव्हत्या.

गालाची छटा इनॅमलमध्ये आणायची तर तीन रंग आधी वाट्यांमध्ये कालवून ठेवावे लागतात : उजेडाचा, मधला आणि सावलीचा. तिन्ही शेजारी शेजारी लावायचे आणि रंग ओढ घेण्याआधी, म्हणजे साधारण वीस मिनिटांत, कोरड्या मऊ ब्रशने सांध्यावरून हलकेच, लोणी पसरावे तसे फिरवायचे. ब्रश प्रत्येक फेरीनंतर फडक्याला पुसायचा. मी पहिल्यांदा केले तेव्हा ब्रश दाबला आणि तिन्ही रंगांचा चिखल झाला. काकांनी माझे मनगट धरून हात वर उचलला आणि म्हणाले, “ब्रशचं वजन तेवढंच पुरे, तुमचं नको.”

चेहरा खालून वर रंगवायचा नाही, वरून खाली यायचे, कारण शिंतोडे खाली पडतात. हात टेकवायला कापडाचा गोळा बांधलेली काठी लागतेच. बाह्यरेषा सगळ्यात शेवटी, लांब केसांच्या लायनर ब्रशने, श्वास रोखून एका दमात ओढायची. नथीतला मोती त्यांनी चार टिंबांत पुरा केला : करडे, त्यावर पांढरे, त्याच्या बाजूला किंचित गुलाबी, आणि खाली गोल्डन येलोची अर्धी कोर, म्हणजे नथीच्या तारेचे प्रतिबिंब. ती कोर कोणत्याही रविवर्म्याच्या चित्रात शोभली असती. उच्च आणि बाजारू यांतला भेद मी इतकी वर्षे मुलांना शिकवत आलो, पण त्या चार टिंबांपुढे तो मला नीट मांडता आला नसता.

27 डिसेंबर

मोठे नुकसान झाले. आतल्या फळ्यांचे माप घ्यायचे होते म्हणून सकाळी शटर उघडायला गेलो. फूटभर वर गेल्यावर ते जड वाटले, म्हणून जोर लावला, आणि सोलल्यासारखा आवाज झाला. शटर वरच्या रुळावर गुंडाळले जाते तेव्हा एका फेऱ्याची बाहेरची बाजू दुसऱ्या फेऱ्याच्या आतल्या बाजूला घासून बसते. चेहऱ्याच्या पट्ट्यांवर छटांसाठी रंगाचे जाड थर होते, डिसेंबरची थंडी होती, आणि शेवटचा हात देऊन चारच दिवस झाले होते. रंग हाताला कोरडा लागत होता, पण आतून कच्चा होता. शटर खाली आणले तेव्हा डाव्या गालाचा तळहाताएवढा तुकडा पट्टीच्या मागच्या बाजूला चिकटून राहिला होता.

याखेरीज दुसरा दोष दिसला. सांध्यांवर रंगाचा सलग पापुद्रा तयार झाला होता आणि पट्टी वळताच तो तडकून त्याच्या दोऱ्यासारख्या कपच्या निघाल्या होत्या.

6 जानेवारी

दुरुस्ती पुरी झाली. गाल पुन्हा रंगवला, पण या वेळी पातळ थरांत, दोन थरांमध्ये दोन दिवस ठेवून. सांध्यांसाठी उपाय असा केला : प्रत्येक थर हाताला कोरडा लागताच सांध्यांवरून ब्लेडची पाठ अलगद फिरवून पापुद्रा आधीच तोडून टाकला. रेघ सुटते, पण ती सरळ सुटते आणि लांबून दिसत नाही. मग आठ दिवस शटर न हलवता ठेवायचे, पहिल्यांदा गुंडाळताना चेहऱ्यावर बटर पेपर लावायचा, आणि त्यानंतर पूर्ण चित्रावर शंखजिऱ्याची पूड कापडाने पुसून घ्यायची, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांना धरत नाहीत. पूड काकांनी सुचवली. हे सगळे आधी केले असते, तर अकरा दिवस वाचले असते.

8 जानेवारी

आज एक नवी अडचण समोर आली; ती दोडियांच्या दालनातल्या शटरांना आली नसावी. शेजारच्या किराणा दुकानातल्या मावशींनी आज फुले आणून लक्ष्मीच्या पायांशी ठेवली. त्याच वेळी माझ्या लक्षात आले की सांगलीत, किंबहुना कुठेही, शटर पूर्ण खाली घ्यायचे तर शेवटचा फूटभर भाग पायाने दाबतात, आणि देवीची पावले नेमकी तिथेच होती. मामेभाऊ उद्या घाईत शटर बंद करील तेव्हा त्याचा बूट देवीच्या पावलांवर पडेल. हे मला सहन झाले नसते, आणि गल्लीलाही झाले नसते.

खालच्या पाच पट्ट्यांवरचा वरचा रंग घासून काढला, कमळ आणि पावले सव्वा फूट वर घेतली, आणि साडीचा घोळ तेवढा आखूड केला. गंजलेल्या भागावरचा जुना रेड ऑक्साइड त्या पाच पट्ट्यांवर मुद्दाम उघडा ठेवला. तो पुराच्या मातीच्या रंगाचा आहे आणि तिथे तोच योग्य दिसतो. त्यावर काहीही लिहिले नाही. कडीला धरून हाताने शटर ओढता यावे म्हणून एक लांब मूठही बसवली. मावशींनी विचारले, “सर, देवी गुंडाळून वर जाते, ते चालतं का?” मी त्यांना म्हणालो की दुकान उघडल्यावर लक्ष्मी आत येते, तशी ही वर जाते. त्यांना ते पटले. मला स्वतःला यावर अजून विचार करायचा आहे.

10 ते 28 जानेवारी

आतल्या चित्राचे काम. बारा मिलिमीटरच्या प्लायच्या दोन फळ्या जोडून साडेसात फूट बाय साडेसहा फुटांचा फलक केला, मागे आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि कॅनव्हास डिंकाने चिकटवला. एका कोपऱ्यात बुडबुडे आले, ते सुई टोचून आणि इस्त्री फिरवून बसवले.

हरिपूरला दोनदा जाऊन उरलेल्या पेवांच्या तोंडांची रेखाटने केली. मूळ रचनेत पेवाच्या तोंडातून येणारा उजेड वर होता, हमालाचा चेहरा त्या उजेडाकडे वळलेला होता, आणि खालचा अर्धा भाग जवळजवळ काळा होता. कागदावर ती रचना चांगली होती. 14 तारखेला फलक जागेवर टेकवून शटर सावकाश वर घेतले, तेव्हा ती सपशेल चुकीची असल्याचे दिसले. शटर वर जाताना देवीचे मस्तक आधी नाहीसे होते आणि आतले चित्र खालून वर उघडत जाते. पाहणाऱ्याला पहिले काही क्षण फक्त काळोख दिसत होता, आणि चेहरा दिसेपर्यंत त्याचे लक्ष शटरच्या आवाजाकडे गेलेले असायचे.

दालनात टांगलेले चित्र एकदम दिसते. शटरमागचे चित्र वाचावे लागते, आणि तेही तळापासून. म्हणून रचना उलटी बांधली. सर्वांत खाली हळकुंडांची रास, त्यात रुतलेली पावले, मग पाटी धरलेले दोन हात, मग वाकलेली पाठ, त्यानंतर वर वळलेला चेहरा, आणि अगदी शेवटी, शटर रुळावर धडकते त्या क्षणी, पेवाचे वाटोळे तोंड आणि आकाशाचा तुकडा. पेवात उतरलेला माणूस ज्या दिशेने बाहेर येतो, त्याच दिशेने चित्र उघडते. ही जुळणी मी योजलेली नव्हती, शटरने ती करायला लावली.

दोन तांत्रिक गोष्टी लिहितो. अंबर (गडद तपकिरी) आणि काळ्या रंगाचे थर वाळल्यावर मेल्यासारखे धुरकट झाले. जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन सम प्रमाणात घेऊन फडक्याने अगदी पातळ चोळले, तेव्हा गडदपणा परत आला. दुसरी अडचण पिवळ्याची होती. बाहेरच्या लक्ष्मीचा गोल्डन येलो डोळ्यांत इतका भरून राहतो, की शटर उघडल्यावर आतली हळद मातकट वाटत होती. सगळी रास उजळ करून पाहिली, तर पेवाची खोली गेली. शेवटी रास दबलेलीच ठेवली आणि हमालाच्या डाव्या हाताच्या बोटांवर, नखांच्या कडांना आणि तळव्याच्या रेषांमध्ये, पिवळा रंग चाकूने जाड लावला. हळदीचे काम करणाऱ्यांचे हात असेच असतात. रंग नखांच्या कडांमध्ये राहतो. बाहेरचा आणि आतला पिवळा आता फक्त त्या बोटांवर एकमेकांना भेटतात.

4 फेब्रुवारी

दुपारी तीननंतर छज्जाची सावली आत येते आणि चेहरा दिसत नाही. शटरच्या रुळामागे पिवळसर उजेडाची एक पट्टी बसवली. पांढऱ्या उजेडाने पेवाचे गोदाम झाले होते.

9 फेब्रुवारी

काल संध्याकाळी गल्लीतल्या लोकांसाठी शटर पहिल्यांदा उघडले. पेंटरकाकांनी ते वर घेतले. त्यांनी लक्ष्मीच्या खाली उजव्या कोपऱ्यात, बोर्डावर करतात तशी, लाल छटा दिलेल्या अक्षरांत स्वतःची सही केली आहे. माझी सही आत आहे.

एकूण खर्च 28,650 रुपये झाला. त्यात काकांचे 5,400 आणि प्लाय व लाकडाचे 6,400 हे मोठे आकडे आहेत. तैलरंगांना 5,200 लागले. फसलेल्या पहिल्या प्रायमरचे आणि इनॅमलचे 1,450, आणि ते काढण्याच्या रिमूव्हर व पॉलिश पेपरचे 1,150, असे 2,600 रुपये निव्वळ वाया गेले. वेळेच्या बाबतीत, प्रायमरचे नऊ, पहिल्या लक्ष्मीचे पाच आणि चिकटलेल्या शटरचे अकरा, असे पंचवीस दिवस गेले. यातले लक्ष्मीचे पाच दिवस मी वाया गेले असे मानत नाही.

11 फेब्रुवारी

आज हरिपूरचे एक वयस्कर हमाल नातवाला घेऊन आले. तरुणपणी ते पेवात उतरत असत. शटर वर गेल्यावर ते काही बोलले नाहीत. जवळ येऊन हमालाच्या पावलांकडे वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, “दोर पायाखाली घेतलाय यानं. वरच्यानं पाटी ओढली की पडंल हा. दोर भिताडाला लावून ठेवायचा असतो.”

दोराचे वेटोळे मी रचनेच्या सोयीसाठी पावलांखाली घेतले होते. उजवा कोपरा रिकामा वाटत होता म्हणून. तो भाग टर्पेंटाइनने ढिला करून चाकूने खरवडला आणि दोर पेवाच्या भिंतीलगत, वरून खाली लोंबता काढला. पावलांखाली आता नुसती हळद आहे. रंग वाळेपर्यंत पंधरा दिवस फलकावर शटरचा वारा आणि धूळ बसू नये म्हणून आतून चादर लावली असून, शटर तोवर खालीच राहील.